भैरवगढच्या भट्ट्या पुन्हा पेटवू देण्याबाबत

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
धूर-निवारण कचेरी,
फ्रीगंज, उज्जैन.

विषय : भैरवगढ छिपा वस्तीतील भट्ट्या बंद करण्याचा हुकूम अर्जदाराच्याच अर्जावरून निघालेला असून तो मागे घेण्याबाबत, तसेच इलाहीबक्ष छिपा यांच्यावरील खटल्यातून अर्जदाराचे नाव फिर्यादी व साक्षीदार म्हणून वगळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज, दि. १२ मार्च १९५६. २) आपल्या कचेरीचा हुकूम, दि. २० ऑगस्ट १९५६, कलम १ व २. ३) आपले पत्र, दि. ९ जानेवारी १९५७. ४) अर्जदारास आलेले साक्षीचे समन्स, दि. ४ मार्च १९५७.

महोदय,

अर्जदार गोपाळ माधव पोतनीस, वय वर्षे सत्तावन्न, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार भैरवगढ, उज्जैन, सविनय सादर करतो की,

१. आपल्या कचेरीचा कारभार आता हिंदीत चालतो हे अर्जदारास ठाऊक आहे व हिंदी तर्जुमा सोबत जोडला आहे. मूळ अर्ज मात्र मराठीत लिहिला आहे. मागील वर्षीचा अर्ज मराठीत होता, तो ज्यांनी हाती घेतला ते अधिकारी मराठी होते आणि जे आश्वासन मिळाले तेही मराठीतच मिळाले होते. अर्ज लांबला आहे. यात एका बाईचा जीव गेलेला आहे, म्हणून तो शेवटपर्यंत वाचावा एवढी पहिली विनंती.

२. अर्जदाराचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरी कामासाठी उज्जैनीत आले. अर्जदार स्वतः सन १९३१ पासून भैरवगढमध्ये राहतो. त्याच्या घराची उत्तरेची भिंत आणि इलाहीबक्ष छिपा यांच्या घराची दक्षिणेची भिंत एकच आहे. ही वस्ती कापड छापणाऱ्यांची. लाकडी ठप्प्यांनी कापडावर नक्षी उठवायची, मग ते कापड तांब्याच्या मोठ्या हंड्यात रंगासह उकळायचे, तेव्हा कुठे लाल रंग लाल होतो, आणि मग क्षिप्रेवर नेऊन धुवायचे. उकळण्यासाठी लाकडाची भट्टी लागते. वस्तीत अशा एकतीस भट्ट्या होत्या. अर्जदाराने शाळेच्या सुट्टीत इलाहीबक्ष यांना ठप्प्यांसाठी कागदावर नक्ष्या काढून दिल्या आहेत. त्यांतली एक जाईची वेल पुढे इतकी चालली की अर्जदाराला ती फ्रीगंजमध्ये अनोळखी बायकांच्या अंगावर दिसायची आणि तो घरी येऊन ते पत्नीला सांगायचा. पंचवीस वर्षांच्या शेजारात भांडण म्हणून झाले नाही.

३. अर्जदाराची पत्नी मंगला हिला दम्याचा विकार आहे. थंडीत धूर वर चढत नाही, गल्लीतच बसतो. नऊ हिवाळे तिने पहाटेपासून खिडकीचा गज धरून बसून काढले. डॉक्टरांनी सांगितले की घर तरी बदला, नाही तर हवा तरी. घर बदलायला ती तयार नव्हती. म्हणून अर्जदाराने हवा बदलण्याचे मनावर घेतले.

४. अर्जदाराने भट्ट्या बंद करा असे कधीही म्हटले नव्हते, हे त्याचा मूळ अर्ज काढून पाहिल्यास दिसेल. त्यात अशी योजना होती की वस्तीबाहेर, नदीच्या उतारावर, सर्वांची मिळून एक भट्टीशाळा बांधावी, तिला चाळीस फुटी चिमणी असावी आणि एकतीस जणांनी पाळीपाळीने तेथे कापड उकळावे. तिचा नकाशा अर्जदाराने स्वतः काढला होता. तो घेऊन तो घरोघर फिरला. इलाहीबक्ष यांनी नकाशा मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाले, “मास्टर साहब, धुआँ तो हमारी औरतों की आँखों में भी जाता है. पर पुरानी बुझ गई और नई नहीं बनी तो?”

अर्जदार म्हणाला, “पुरानी तब बुझेगी जब नई जलेगी. मैं बैठा हूँ ना.”

हे शब्द अर्जदाराचे आहेत. ते त्याला कोणी बोलायला लावले नव्हते. त्या शब्दांवर इलाहीबक्ष यांनी, ज्यांना आपले नाव एवढेच लिहिता येते, पहिली सही केली. त्यांची सही पाहून बाकीच्या तीस जणांनी सह्या केल्या, ज्यांना तेवढेही लिहिता येत नव्हते त्यांनी अंगठे दिले.

५. आपल्या जागी तेव्हा श्री. श्रीपाद दिघे होते. ते स्वतः भैरवगढला आले, वस्ती पायी फिरले, अर्जदाराच्या घरी चहा घेतला. नकाशा त्यांना फार आवडला. मंगलाने आतून विचारले की या लोकांचे काम तर थांबणार नाही ना. तेव्हा दिघे साहेब म्हणाले, “वहिनी, हुकमात दोन कलमं घालतो. पहिलं जुन्या भट्ट्या बंद करण्याचं, दुसरं भट्टीशाळा बांधण्याचं. दोन्ही एका कागदावर, एका सहीखाली. एक सोडून दुसरं जायचं कुठे?”

हुकूम तसाच निघाला. अर्जदाराने तो वस्तीत मोठ्याने वाचून, हिंदीत समजावून सांगितला.

६. दि. १५ सप्टेंबर १९५६ रोजी आपल्या कचेरीचे इन्स्पेक्टर चार माणसे घेऊन आले. त्यांनी एकतीस भट्ट्यांत पाणी ओतले आणि भट्ट्यांची तोंडे कुदळीने पाडली. भट्टीशाळेच्या जागेवर तेव्हा खुंटीसुद्धा ठोकलेली नव्हती. अर्जदार त्याच दिवशी फ्रीगंजला धावला. दिघे साहेब म्हणाले, जुने बंद झाल्याचा दाखला वर गेल्याशिवाय नव्याला मंजुरी येत नाही, ही नुसती कागदाची रीत आहे, तीन महिने कळ काढायला सांगा. अर्जदाराने पुन्हा एकतीस दारे फिरून तेच सांगितले. लोकांनी ऐकून घेतले. त्यांचा दिघे साहेबांशी परिचय नव्हता. त्यांनी अर्जदाराचे ऐकले.

दीड महिन्याने, दि. १ नोव्हेंबरला, आपले राज्यच बदलले. मध्यभारत संपून नवे मध्य प्रदेश झाले. दिघे साहेब भोपाळला गेले.

७. येथे अर्जदार स्वतःविरुद्ध जाईल अशी एक गोष्ट नमूद करतो. हवा खरोखर सुधारली. नोव्हेंबरात सकाळी गल्लीत ऊन स्वच्छ पडू लागले. मंगला पंधरा दिवसांत गज धरायची थांबली. एके सकाळी ती आपण होऊन जिना चढून गच्चीवर गेली आणि नदीपलीकडची झाडे बघत उभी राहिली. अर्जदार खालून हाका मारत होता, ती उतरेना. नऊ वर्षांत अर्जदार इतका सुखावला नव्हता. त्या आनंदात कितीतरी दिवस त्याने भिंतीपलीकडे चूल पेटते की नाही याची चौकशी केली नाही. इलाहीबक्ष यांनी हंडा गहाण टाकला, हे त्याला तिसऱ्याच माणसाकडून कळले.

८. डिसेंबरात आपण रुजू झालात. अर्जदाराने आपणास भट्टीशाळेबद्दल तीन पत्रे दिली. दि. ९ जानेवारीच्या आपल्या उत्तरात असे आहे की, कलम १ ची अंमलबजावणी पूर्ण झाली असल्याने ते कायम राहील. कलम २ ही पूर्वीच्या राज्याची योजना असल्याने ती नव्या राज्यावर बंधनकारक नाही. अर्जदार शाळामास्तर आहे. एका कागदावरची, एका सहीखालची दोन वाक्ये, त्यांतले पहिले नव्या राज्यात आले आणि दुसरे जुन्या राज्याबरोबर गेले, हे कसे, ते आपण पत्रात लिहिलेले नाही.

त्याच महिन्यात दिघे साहेब कोणाच्याशा लग्नाला उज्जैनला आले होते. टावर चौकात एका कापडाच्या दुकानात अर्जदाराला दिसले. अर्जदाराने त्यांना बाजूला घेऊन विचारले. ते ओशाळले, पण फार नाही. म्हणाले, “गोपाळराव, मी शब्द दिला होता ही खरी गोष्ट आहे. पण ज्या राज्याच्या वतीनं दिला ते राज्यच उरलं नाही, आता मी तो कुठून आणू?” आणि विचारले, “वहिनींची तब्येत कशी आहे?” अर्जदार म्हणाला, बरी आहे. ते म्हणाले, “मग झालं तर.”

अर्जदार तेथून भैरवगढपर्यंत चालत आला. टांगा करावा हेही त्याला सुचले नाही.

९. आता पुढचे. भट्टीवाचून कापड उकळत नाही आणि दुसरा धंदा या लोकांना येत नाही. नऊ घरे वस्ती सोडून गेली. जी राहिली त्यांनी घरातच, खोलीत, विटांच्या लहान भट्ट्या मांडल्या. आपले इन्स्पेक्टर दुपारी बारा ते दोन जेवायला फ्रीगंजला जातात. त्या दोन तासांत खिडकीला गोणपाट बांधायचे, दाराच्या फटीत चिंध्या कोंबायच्या आणि आत हंडा चढवायचा. बाहेर धुराची रेघही दिसू द्यायची नाही. जानेवारीच्या आपल्या अहवालात भैरवगढचा धूर ‘निरंक’ लिहिला आहे. तो अहवाल लिहिला गेला तेव्हा पूर्वीचाच धूर बावीस बंद खोल्यांत कोंडलेला होता. इन्स्पेक्टरांनी अर्जदाराच्या दारात येऊन त्याचे अभिनंदन केले, म्हणाले, आपके कारण यह इलाका आदर्श हो गया. अर्जदाराला भिंतीतून रंगाचा वास येत होता. तो गप्प राहिला. बोलला असता तर लोक पकडले गेले असते, आणि न बोलल्याने काय झाले ते पुढे आहे.

१०. इलाहीबक्ष यांचा मुलगा मुंबईला गिरणीत आहे. घरी ते स्वतः, सून जैबुन, वय चोवीस, आणि तिची दोन वर्षांची मुलगी. जैबुन उकळायला बसली की मुलीला आमच्याकडे आणून सोडायची. मंगलाला म्हणायची, “चाचीजी, आपके यहाँ हवा अच्छी है, इसे यहीं रहने दो.” दोन वाजता परत न्यायची.

दि. ११ फेब्रुवारी रोजी अडीच वाजले तरी ती आली नाही. मूल रडू लागले. मंगला त्याला कडेवर घेऊन शेजारी गेली आणि दार वाजवले. आतून काही उत्तर आले नाही. तिने अर्जदाराला हाक मारली. अर्जदाराने खांदा लावून दार उघडले. आत उजेड नव्हता. इलाहीबक्ष दाराजवळ पडले होते, त्यांचा हात फटीतल्या चिंध्यांवर होता. जैबुन मागून आणलेल्या लहान हंड्यापाशी होती. हंड्यातले कापड अजून खदखदत होते. अर्जदाराने आणि शेजारच्या दोघांनी त्यांना ओढून गल्लीत आणले. इलाहीबक्ष यांना अर्ध्या तासाने शुद्ध आली. जैबुनला आली नाही. स्वच्छ ऊन पडले होते, हवा अगदी निर्मळ होती, आणि ती त्या हवेत डोळे मिटून पडली होती. मंगलाने तिचे डोके मांडीवर घेतले होते व ती पदराने वारा घालत होती. डॉक्टर येऊन पाहून गेले तरी ती वारा घालायची थांबली नाही.

११. यानंतर आपल्या कचेरीने इलाहीबक्ष यांच्यावर कलम १ चा भंग करून निवासी खोलीत भट्टी पेटवल्याचा खटला भरला. त्या कागदावर फिर्यादी म्हणून लिहिले आहे : गोपाळ माधव पोतनीस, मूळ तक्रारदार. आणि पुढे असे लिहिले आहे की आरोपीने स्वतःच्या सहीने भट्ट्या बंद करण्यास संमती दिली होती. म्हणजे जी सही भट्टीशाळेसाठी अर्जदाराच्या शब्दावर झाली, तीच आता त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून लावली आहे.

कागद त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतला आणि ते अर्जदाराच्या दारात आले. आत या म्हटले तर आले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, “आपको लिखना आता है, हमको नहीं आता. इसीलिए तो दस्तखत दिया था.” एवढेच. आवाज चढवला नाही. त्यांनी शिवी दिली असती तर अर्जदाराला सोसली असती. तेव्हापासून त्यांनी अर्जदाराशी बोलणे सोडले.

१२. दि. ७ मार्च रोजी अर्जदार आपल्या कचेरीत आला व तक्रार मागे घेतो म्हणाला. आपली भेट झाली नाही. हेड क्लार्क यांनी फाईल पाहून सांगितले की, जिस शिकायत पर कार्रवाई पूरी हो चुकी है, वह वापस नहीं हो सकती. अर्जदाराने विचारले, कार्रवाई पूर्ण कुठे झाली, दुसरे कलम तर बाकी आहे. ते म्हणाले, दुसरे कलम या फाईलमध्ये नाहीच. आणि खरोखर नव्हते. हुकमाची नक्कल नव्याने टंकलिखित करताना कलम १ वरच संपवली होती. नकाशाही फाईलमध्ये नव्हता. एकतीस सह्यांचा कागद तेवढा होता.

१३. घरी येऊन अर्जदाराने हे पत्नीला सांगितले. ती उठून अंगणाच्या दारात जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “आपल्या अंगणात केवढी जागा आहे?”

अर्जदाराला आधी कळले नाही. ती म्हणाली, “वर आभाळ आहे. कोंडणार नाही. तिथं मांडू द्या त्यांना भट्टी. सगळ्यांना. कोणी पकडायला आलं तर तुमचं नाव सांगा, तसंही तिथं तुमचंच नाव आहे.”

“आणि तू?”

“मी वसंताकडे जाते, माधव नगरला. भाऊ आहे, नाही म्हणणार नाही.”

“किती दिवस?”

“ते मला काय विचारता? ज्यांनी भट्टीशाळा बांधायची त्यांना विचारा.”

अर्जदाराच्या लग्नाला एकतिसावे वर्ष चालू आहे. इतक्या वर्षांत पती-पत्नी आठ दिवसांहून जास्त वेगळे राहिलेले नाहीत. अर्जदाराने तिला हरप्रकारे समजावून पाहिले. ती एवढेच म्हणाली की, मला श्वास नीट येतो, पण घेताना भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येत नाही आणि तेच मला सोसत नाही. दि. १२ मार्चला ती सामान बांधून गेली. जैबुनची मुलगी तिच्याबरोबर आहे. इलाहीबक्ष यांनी नेऊ दिली.

१४. त्याच दिवशी अर्जदाराने विटा आणून अंगणात स्वतःच्या हाताने भट्टी मांडायला घेतली. हे काम त्याला येत नाही. चार दिवस वस्तीतले लोक येता-जाता बघत राहिले, कोणी आत आले नाही. पाचव्या दिवशी सकाळी इलाहीबक्ष फाटकातून आत आले, भट्टीपाशी बसले, आत हात घालून पाहिला आणि तोंडाच्या चार विटा काढून बाजूला ठेवल्या. म्हणाले, “मुँह छोटा है. धुआँ अंदर लौटेगा.” मग चिखल मागितला. दुपारपर्यंत दोघे काम करत होते. त्यांनी दुसरा विषय काढला नाही व अर्जदारानेही विचारले नाही. त्यांनी माफ केले आहे असे अर्जदार समजत नाही.

१५. तरी आपणास विनंती की,

(अ) कलम २ प्रमाणे भट्टीशाळा बांधून होईपर्यंत कलम १ तहकूब ठेवावे.

(ब) इलाहीबक्ष छिपा यांच्यावरील खटला काढून घ्यावा. तसे होत नसल्यास अर्जदारास साक्षीदार न धरता आरोपी धरावे. त्या बंद खोलीतील भट्टीचे खरे कारण अर्जदाराचा अर्ज आहे आणि ते तो कोर्टात शपथेवर सांगणार आहे.

(क) सह्यांचा कागद अर्जदारास परत मिळावा. ज्यांनी सह्या दिल्या त्यांना त्या एकेक करून परत करण्याची अर्जदाराची इच्छा आहे.

(ड) वरीलपैकी काहीच शक्य नसेल तर तसे स्पष्ट लिहून द्यावे, आणि ते या राज्याच्या वतीने लिहावे.

१६. सोमवार दि. २५ मार्चपासून रोज सकाळी सात ते अकरा अर्जदाराच्या अंगणात, उघड्यावर, सर्वांचे कापड उकळले जाईल. पहिला हंडा इलाहीबक्ष यांचा असेल. तो गहाणातून सोडवून आणला आहे. कलम १ चा हा भंग अर्जदार समजून-उमजून करणार आहे व त्याची आगाऊ वर्दी या अर्जाने देत आहे. आपल्या इन्स्पेक्टरांना दुपारच्या जेवणाच्या आधीच पाठवावे. पंचनाम्यासाठी खाट व पाणी बाहेर ठेवलेले असेल. घर विचारत येण्याची गरज पडणार नाही, धूर रस्त्यावरून दिसेल.

आपल्या उत्तराची वाट पाहून थकलेला, तरीही आपला नम्र,

गोपाळ माधव पोतनीस
भैरवगढ, उज्जैन
दि. १८ मार्च १९५७

सोबत :
१) हिंदी तर्जुमा.
२) हुकूम दि. २० ऑगस्ट १९५६ ची मूळ प्रत, दोन्ही कलमांसह. (अर्जदाराजवळ ही एकच आहे. पाहून परत करावी.)
३) भट्टीशाळेचा नकाशा, आठवणीतून पुन्हा काढलेला.

वरील मजकूर माधव नगर येथे वाचून पाहिला. अंगणातील भट्टीस माझी संमती आहे. ती कोणाच्या सांगण्यावरून दिलेली नाही.

मंगला गोपाळ पोतनीस